तीन-अ-चार

केमीच्या कागद गिरणीत, तळघरात, एकच यंत्र होतं
आणि त्याच्या पोटात दोन प्रणाली.
जुनी पगाराची. नवी लाकडाची :
नदीतून किती ओंडके आले, किती ओले, कुणाच्या खुणेचे.
दोघींनाही वाटायचं, सगळं यंत्र आपलंच.
वाटू दे, उर्पो म्हणायचा,
तेवढ्याचाच तर पगार मिळतो आपल्याला.

डिस्क मात्र खरी होती. धुण्याच्या मशीनएवढी, घरघरणारी,
झाकणावर कॉफीच्या कपाचा गोल डाग.
पत्ता तीन-अ-चार.
दोघींना लागायची, एका वेळी एकीलाच.

मला पहिल्या रात्री कळेना, का.
उर्पोनं कागदावर चौकोन काढले.
हिनं सकाळी यादी वाचली : हा चौकोन रिकामा.
ती यादी हिच्या डोक्यात तशीच राहिली.
दुपारी तिनं तिथे बाराशे माणसांचा पगार लिहिला.
हिला कुणी सांगितलं नाही.
रात्री हिनं त्यावरच ओंडके रचले.
"यात खोटं कोण बोललं, तुओवी?"
कुणीच नाही, मी म्हणाले.
"म्हणूनच भीती," तो म्हणाला, आणि पावाला हात घातला.

तेव्हा नियम : आधी सोड, मग धर.
जुनीच्या कन्सोलवर तीन-अ-चार ऑफलाइन,
उत्तर येईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली,
मगच नवीच्या कन्सोलवर ऑनलाइन.
आणि निळ्या वहीत : घेतली. सोडली. वेळ. सही.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात.
राहतात,
वहीत नोंद असेल तर.

सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी. उणे एकतीस.
समुद्र असा गोठलेला की लोक मोटारीनं बेटावर जात होते.
मी पावणेअकराला आले तर खोलीत कुणी नाही.
नवीच्या पडद्यावर एकच ओळ, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा तीच :
तीन-अ-चार उत्तर देत नाही, वाट पाहते आहे.
जुनी गप्प. कर्सरसुद्धा हलत नव्हता.
गेली होती ती, जाताना डिस्क धरून.
गेलेल्याला कुठे ठाऊक असतं, आपण काय धरलंय.

वहीत : तीन-अ-चार. घेतली. २१:५०. उ. कान्तोला.
खालची ओळ कोरी.

मागच्या जिन्यावर सापडला.
वॉचमन आर्मास त्याच्या गालावर थापट्या मारत
नावानं हाका मारत होता, पुन्हा पुन्हा,
जसा एखादा चुकीच्या दारावर थापा मारतो.

अँब्युलन्स गेली. मी खाली आले.
शुक्रवारी पगार होता, दुसरं काय करणार.

मेलेल्या प्रणालीच्या हातून डिस्क काढता येते.
आज्ञा लहान आहे, एका ओळीची.
पण आधी खात्री हवी, की ती खरंच गेली.
नुसती ग्लानीत असेल
आणि उठून अर्ध्यावरून पुढे लिहायला लागली
तर कुणाचंच काही शिल्लक राहणार नाही.
मी जुनीला हाक दिली.
दहा मिनिटं थांबून परत दिली.
मग आणखी एकदा, नियमात नसलेली.

०१:२० ला एंटर दाबलं.
नवीनं डिस्क घेतली आणि
काहीच झालं नसल्यासारखी ओंडके मोजायला लागली.
मला तिचा राग आला. यंत्राचा राग, हो.

सोडली. ०१:२०. सहीच्या रकान्यात
माझं नाव. ज्यानं घेतली त्यानंच सोडायची असते.
मार्चमध्ये तपासनिसानं तिथे लाल गोल केला,
कारण विचारलं. मी लिहिलं : पाळी बदलली.

सिल्वी, उर्पोची बायको, त्याचा कप न्यायला आली
तेव्हा कोटही काढला नाही तिनं.
झाकणावरच्या डागाकडे पाहत राहिली.
"इथे ठेवायचा? या गरम पेटीवर?
घरी टेबलाला डाग पडतो म्हणून
मी तीस वर्षं त्याच्या मागे बशी घेऊन फिरले."

डिस्क घरघरत होती. त्या वेळी कुणाकडे होती,
मला आता आठवत नाही. वहीत असेल.